आमच्या घराची धोका पातळी ३९ फूट आहे

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा दिवस राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीने सुरू होतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. मात्र ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, किंवा ज्याचा श्वास विजेवर चालणाऱ्या यंत्रावर अवलंबून आहे, त्या घराने ४३ फुटांची वाट पाहू नये, हे आम्हाला ऑगस्ट २०१९ मध्ये फार उशिरा कळले.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे रुग्ण आहेत आणि दिवसातले बहुतेक तास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या विजेच्या यंत्रावर असतात. आमचे घर शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून जवळ आहे. नदी चढली की नाल्याचे पाणी नदीत जात नाही, उलट नदीचेच पाणी नाल्यातून मागे सरकत वस्तीत शिरते. त्यामुळे आमच्याकडे पूर नदीच्या दिशेने धावत येत नाही, तो गटारातून आणि मोरीतून हळूहळू वर येतो. त्या वर्षी आबांचे म्हणणे एकच होते, की २००५ साली पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आले होते आणि तिथेच थांबले होते, मग आता घर सोडण्याचे कारण काय? आम्हीही त्या पायरीवर विश्वास ठेवला. २०१९ मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि जुन्या खुणेला काही अर्थ उरला नाही.

आमची खरी चूक मात्र वेगळी होती. पाणी घरात येईल की नाही, एवढाच विचार आम्ही करत राहिलो. पाण्याच्या आधी वीज जाते, हे लक्षातच आले नाही. सुरक्षिततेसाठी भागाचा वीजपुरवठा बंद करावाच लागतो. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरला साधारण ३५० वॅट वीज लागते, आणि घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी तो भार तीन-चार तासांपेक्षा जास्त ओढत नाही. आमच्याकडे ऑक्सिजनचा एक बी टाइप सिलिंडर होता. त्यात सुमारे १५०० लिटर वायू असतो, म्हणजे मिनिटाला दोन लिटर या वेगाने तो साडेबारा तास पुरतो. हा हिशोब इतका सोपा असूनही तो आम्ही कधी केला नव्हता, आणि सिलिंडर उघडण्याचा पाना तळमजल्यावरच्या ज्या कपाटात होता, तिथे तोपर्यंत गुडघाभर पाणी आले होते. पाना सापडेपर्यंतची ती वीस मिनिटे मला आजही आठवतात. पहाटे तालमीतल्या पोरांनी आबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी चार पाय धरून, कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढले. गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिका उभी होती, पण तिला आत येणे शक्य नव्हते.

रुग्णालयात डॉक्टरांनी औषधे विचारली, तेव्हा आम्हाला गोळ्यांचे रंग सांगता आले, नावे नाही. फाइल घरीच राहिली होती. आता प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, ऑक्सिजनचा ठरवून दिलेला वेग आणि डॉक्टरांचा फोन नंबर लिहिलेला एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात आबांच्या उशाशी असतो, आणि त्याचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये आहे. ऑक्सिजनचा वेग लिहून ठेवण्याला विशेष कारण आहे. घाबरलेला नातेवाईक रुग्णाची तगमग पाहून नॉब फिरवतो. सीओपीडीच्या रुग्णाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून तो गुंगीत जाऊ शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे वीज गेली की आपला हात सवयीने मेणबत्तीकडे जातो. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत मेणबत्ती, समई, उदबत्ती यांपैकी काहीही पेटवू नये. तिथे हातातली बॅटरीच (टॉर्च) हवी.

औषधे आम्ही जूनपासून किमान पंधरा दिवसांची जास्त ठेवतो, कारण २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला होता आणि शहरात पेट्रोलपासून दुधापर्यंत सगळ्याचीच टंचाई झाली होती. सासूबाईंचे इन्सुलिन फ्रिज बंद पडल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवतो. ते बर्फाला थेट लावू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ज्यांचे डायलिसिस सुरू आहे, त्यांनी दुसरे केंद्र कोणते आणि एखादी वेळ चुकली तर खाण्यापिण्यात काय पाळायचे, हे पावसाळ्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

माणसांच्या मदतीबद्दलही एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. आबांची काळजी घेणाऱ्या मावशी प्रयाग चिखलीच्या आहेत. ज्या दिवशी आम्हाला त्यांची सर्वांत जास्त गरज होती, त्याच दिवशी त्यांचे स्वतःचे घर पाण्यात होते, आणि त्यांनी त्या वेळी आमच्याकडे यावे अशी अपेक्षा ठेवणेसुद्धा अन्यायाचे होते. म्हणून आबांची कूस दर दोन तासांनी बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर लावणे हे सगळे आता घरातल्या प्रत्येकाला येते. माझ्या सोळा वर्षांच्या मुलालाही.

सर्वांत अवघड काम होते ते आबांचे मन वळवण्याचे. पूर दारात असताना म्हाताऱ्या माणसाला घर सोडायला सांगणे म्हणजे त्याच्यावर जबरदस्ती करणेच होते, म्हणून हे बोलणे आम्ही कोरड्या मे महिन्यात केले. निघायचे की नाही, हे आम्ही विचारलेच नाही. कोणत्या आकड्याला निघायचे, एवढेच विचारले. आबांनी बराच वेळ विचार करून सांगितले, "एकोणचाळीसला." आकडा त्यांचा असल्यामुळे पुढे वाद उरला नाही. ३५ फुटांना सिलिंडर भरून घ्यायचा, कमोडची खुर्ची आणि डायपर बांधून ठेवायचे, ३९ ला वाहन चालू शकते आहे तोवर राजारामपुरीत नणंदेकडे जायचे. निवारा केंद्रे शाळांत असतात, तिथे माणुसकीने सोय केली जाते, पण जमिनीवरचे अंथरूण आणि उकिडवे बसण्याचे संडास आबांना झेपणारे नाहीत.

जुलै २०२१ मध्ये पाणी इतक्या झपाट्याने चढले, की ३९ आणि ४३ यांच्यात विचार करायला वेळच नव्हता. आम्ही आदल्या दुपारीच निघालो होतो. पाना सिलिंडरच्या मानेला दोरीने बांधलेला होता. शहराची पाणीउपसा केंद्रे बुडाल्याने नळ कोरडे पडले, तेव्हा नणंदेकडे साठवलेले पाणी आम्हाला पुरले.

पाणी ओसरल्यावर आबांना लगेच घरी न्यायचा मोह आम्ही टाळला. गाळ काढताना उडणारी धूळ, ब्लीचिंग पावडरचा उग्र वास आणि ओल्या भिंतींवरची बुरशी, हे तिन्ही त्यांच्या फुप्फुसांना सोसणारे नव्हते. आबा रोज फोनवर भिंतींचे विचारायचे. आम्ही तळहात लावून पाहायचो आणि ओल लागली की "अजून नाही" म्हणून सांगायचो. ते तब्बल तीन आठवड्यांनी घरी आले.