सेलमचे कागद: रिबेका नर्सपर्यंत मजल

अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली चेटकिणी ठरवून लोकांवर खटले चालले, त्यांचे मूळ हस्तलिखित कागद मी वाचून उतरवतोय. त्यांतल्या एक आरोपी ब्रिजेट बिशप हिची वॉरंटं बाजूला ठेवून सध्या दुसरी आरोपी रिबेका नर्स हिचे कागद लावतोय. सत्तरी ओलांडलेली बाई. पहिली चौकशी २४ मार्चची, आणि कागदावर साल १६९१/२, म्हणजे तेव्हाच्या मोजणीने १६९१, आताच्या मोजणीने १६९२. तेव्हाच्या इंग्रजी वहिवाटीत नवं साल २५ मार्चला लागायचं, म्हणजे हा जुन्या सालाचा शेवटचा दिवस. १७५२ पर्यंत हा घोळ चालतो. नव्याने वाचायला बसलेल्यांनी दोन्ही आकडे जसेच्या तसे उतरवावेत, मनाने एक गाळू नये.

चौकशी लिहून घेतलीय सॅम्युअल पॅरिसने. हा गावचा पाद्री, आणि ज्या पोरींना झटके येऊ लागल्यावर हे सगळं पेटलं त्यांतल्या पहिल्या दोघी याच्याच घरच्या. असा माणूस लेखनिक! तरी शेवटी टीप मात्र प्रामाणिक टाकलीय: पीडितांचा गलका आणि अनेकांचं एकदम बोलणं, त्यामुळे बरंच लिहायचं राहून गेलं. एरवी सवाल-जबाब इतके सलग वाटतात की ही टीप नसती तर तो गलका कळलाच नसता.

खरा वेळ जातोय साक्षींवर. शंभराहून जास्त साक्षी एकट्या थॉमस पुटनमच्या हातच्या आहेत. त्याची मुलगी ॲन फिर्यादी पोरींतली एक, बायकोनेही साक्ष दिलेली. साक्षीदार बदलतो, पण 'अतिशय भयंकर छळलं' आणि 'माझ्या मनाची पक्की खात्री आहे' ही वाक्यं तीच. त्यामुळे मी आता मजकुराआधी हस्ताक्षर बघतो.

पुटनमचा मजकूर संपला की खाली पुष्कळदा वेगळ्या हातात 'ज्युरात इन क्युरिआ' येतं, म्हणजे कोर्टात शपथेवर कबूल केलं. ते बहुधा क्लार्क स्टीवन स्यूअलचं. हा न्यायाधीश सॅम्युअल स्यूअलचा भाऊ. ही ओळ असेल तर साक्ष कोर्टापुढे आली, एवढं पक्कं धरता येतं. आरोपपत्रं वाचायला सोपी: साचा आधीच लिहून ठेवलेला, नाव आणि तारीख मागाहून भरलेली. ग्रँड ज्युरीला, म्हणजे खटला उभा करायचा की नाही ते ठरवणाऱ्या पंचांना, पुरावा पटला तर कागदाच्या पाठीवर 'बिल्ला व्हेरा' (आरोप खरा), नाही तर 'इग्नोरामस' (आम्हाला ठाऊक नाही).

लिहिता न येणाऱ्यांची खूण असते, बाजूला नाव क्लार्कने घातलेलं. मोडीवाल्यांना लगेच 'निशाणी नांगर', म्हणजे शेतकऱ्याने सहीऐवजी काढलेला नांगर, आठवेल.

आता नर्सच्या बाजूने शेजाऱ्यांनी दिलेला अर्ज घेतोय, ३९ सह्यांचा. त्यात एक जोनाथन पुटनम आहे, ज्याने आधी तिच्याविरुद्ध फिर्याद दिली होती. स्यूअलच्या अक्षराचे नमुने, विशेषतः मोठी अक्षरं, कुणी जमवले असतील तर पाठवा. त्याच्या अक्षरवळणाचा माझा तक्ता अजून अर्धाच आहे.