अगो, नारिंगी तोडू नको

आमच्या फोंड्याच्या घरापुढे चिऱ्यांचा गडगा आहे, त्याला आतून काहीतरी हिरवं लावायचं म्हणून मी नर्सरीत गेले तेव्हा डोक्यात फळबिळ काही नव्हतं. दाट हवं, रस्त्यावरून घरात दिसू नये, एवढंच. नर्सरीवाल्याने चार रोपं काढून दिली, कोवळी पानं तांबूस आणि चकचकीत, म्हणाला शोभेचं आहे, सुरीनाम चेरी म्हणतात, फळं पण खातात. शेवटचं मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग दोन-तीन वर्षं फळाचा पत्ता नाही. वाढायलाही अगदी आळशी झाड. पण चूक माझीच, कारण दर पंधरा दिवसांनी कात्री घेऊन मी त्याला चौकोनी करत बसायचे आणि कळ्या यायच्या त्या कोवळ्या फांद्यांच्या बुडाशी, त्या सगळ्या कचऱ्यात. एका वर्षी गुडघा धरला, छाटणी राहिली, आणि मार्चमध्ये बघते तर बारीक बारीक पांढरी फुलं, मधे केसरांचा झुबका. तीनेक आठवड्यांत फळं. दिसायला काय गोड असतात हो! बोराएवढा भोपळाच, त्याला सात-आठ खाचा, आधी हिरवा, मग पिवळट, मग नारिंगी, मग लाल.

मी अर्थातच नारिंगी खाल्लं. रॉकेलच्या हाताने कोणी चेरी भरवावी तशी चव, मी तिथेच थुंकले आणि सासूबाई बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून हसायला लागल्या. "अगो, नारिंगी तोडू नको. काळपट लाल झालं की खाली नुसता हात धरायचा, आपणहून येतं ते."

"आई, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू छाटत होतीस."

त्यांच्या माहेरी शेजारच्या किरिस्तांवांच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या, अंगणात हे झाड होतं, पितांगा म्हणायचे. नाव ब्राझीलच्या तुपी भाषेतलं, म्हणजे लाल. काजू आणि अननसासारखंच हेही पोर्तुगीजांबरोबर आलेलं. गंमत म्हणजे युरोपातल्या वनस्पतीवाल्यांनी याचं पहिलं वर्णन केलं ते इटलीत, पिसाच्या एका बागेतल्या झाडावरून, आणि ते झाड तिथे गोव्याहून गेलं असावं असं मानतात. म्हणजे ब्राझीलचं पाहुणं आमच्याकडे राहून पुढे इटलीला. पुढे 1753 मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याचं युजेनिया युनिफ्लोरा असं बारसं केलं. कूळ मात्र आपल्या जांभळाचं, पेरूचं आणि लवंगेचं, आणि पान चुरगाळून वास घेतला की ते पटतं.

आता खाण्याचं. पूर्ण पिकलेलं तसंच खावं, बी टाकून द्यावी, चावून बघायच्या भानगडीत पडू नये. जरा कमी पिकलेली असली तर चिरून, बी काढून, साखर भुरभुरून फ्रिजमध्ये ठेवायची, तो उग्र वास बराच उतरतो आणि खाली लालभडक रस सुटतो, त्यात थंड पाणी आणि मीठ घातलं की मे महिन्यातल्या दुपारी दुसरं काही नको. जॅम पण केला, बरा झाला, पण वाटीभर जॅमसाठी एवढं निवडत बसायचं म्हणजे मला तरी परवडत नाही.

गोव्यात आंबट वस्तू घरात आली की ती हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, जाणारच. बिमलं जातं, आंबाडे जातात, करमल जातं. त्या न्यायाने एका रविवारी सासूबाईंनी बांगड्याच्या हुमणात सोलांऐवजी, म्हणजे कोकमांऐवजी, पितांगा घातली. रंग सुरेख आला. चवीबद्दल जेवताना कोणीच बोललं नाही, नवऱ्याने भातावर ताक मागून घेतलं. आई म्हणाल्या, सोलं ती सोलं.

सकाळी पोदेर पाव घेऊन येतो तो सायकल गडग्याला टेकवतो आणि हॉर्न वाजवायच्या आधी दोन-चार फळं तोंडात टाकतो, बरोब्बर काळपट बघून, त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. शेंड्याची बुलबुलांची. मधली, काट्याकुट्यात हात न घालता मिळणारी, आम्हाला, आणि त्यातलीही निम्मी नारिंगीच असताना माझा मुलगा तोडतो.

परवा बाल्कांवातून आवाज आला, "अरे, नारिंगी..." आणि मी आतूनच म्हटलं, खाऊ दे आई त्याला एक.