आमची वाटचाल : व्ह्यूज किती, प्रेक्षक किती?

आमची संस्था लहान आहे. व्यवसायांसाठी माहितीपर व्हिडिओ करायचे, ते कुठे चालवायचे हे ठरवायचं आणि ते कोणी किती पाहिले याचा अहवाल द्यायचा, हे आमचं काम. सुरुवात चित्रीकरण आणि संकलनापासून झाली. अहवालाची बाजू वाढली ती ग्राहकांच्या एका नेहमीच्या प्रश्नामुळे : "फेसबुकवर व्ह्यूज एवढे जास्त, मग यूट्यूबवर पैसे कशाला घालायचे?"

फेसबुकवर व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि अनेक वर्षं 3 सेकंदांत व्ह्यू धरला जायचा. यूट्यूबवरची, वगळता (स्किप करता) येणारी जाहिरात मात्र व्ह्यू धरला जाण्यासाठी 30 सेकंद, किंवा त्याहून लहान असेल तर पूर्ण पाहावी लागते. नाहीतर तिच्यावर क्लिक तरी व्हावं लागतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून खर्च ठरवणं ग्राहकावर अन्याय करणारं आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून पहिल्याच बैठकीत आम्ही व्ह्यूची व्याख्या कागदावर मांडतो.

सरासरी तर त्याहून फसवी. पाहण्याची सरासरी वेळ फुगवून दाखवली गेल्याचं फेसबुकने 2016 मध्ये मान्य केलं. 3 सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना भागाकारात धरलंच नव्हतं. समजा, व्हिडिओ 100 जणांपुढे आला. 80 जण सेकंदभरात पुढे गेले आणि 20 जणांनी 20 सेकंद पाहिला. त्या 20 जणांचीच सरासरी काढली तर 20 सेकंद येते, सगळे धरले तर 5 सेकंदही भरत नाहीत. जाहिरातदार कोर्टात गेले आणि 2019 मध्ये 4 कोटी डॉलरवर तडजोड झाली. आमच्या अहवालात प्रत्येक सरासरीखाली भागाकारात कोण आहे हे लिहिलेलं असतं.

व्याख्या मध्येच बदलली की आलेखही उडी मारतो. नेटफ्लिक्सने 2020 च्या सुरुवातीला चित्रपट किंवा भाग 70 टक्के पाहण्याची अट सोडून 2 मिनिटं पाहण्याची धरली, तेव्हा आकडे सरासरी 35 टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनीच सांगितलं. 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्ट्समध्ये व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजतात. त्या तारखेला आम्ही आलेखात उभी रेघ मारतो. रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची तुलना करत नाही.

बाजारहिश्श्याचंही तसंच. मे 2025 मध्ये अमेरिकेत टीव्ही पाहण्यात स्ट्रीमिंगचा वाटा 44.8 टक्के झाला, प्रसारण आणि केबल मिळून 44.2 टक्के, असं प्रेक्षक मोजणाऱ्या निल्सन कंपनीने जाहीर केलं. पण ते मोजमाप फक्त टीव्हीच्या पडद्याचं आहे, मोबाइलवरचं पाहणं त्यात नाही. शिवाय एकूण पाहणं वाढत असेल तर हिस्सा घटूनही तास वाढू शकतात. त्यामुळे टक्क्यांसोबत एकूण तास मिळाल्याशिवाय आम्ही सल्ला देत नाही.

यामुळे आमचे अहवाल इतरांपेक्षा फिके दिसतात आणि काही कामं हातची गेली. टिकलेले ग्राहक आता स्वतःच तास मागतात. एकच माणूस मोबाइलवर आणि टीव्हीवर दोनदा मोजला जातो, यावर पक्का उपाय आमच्याकडे अजून नाही. तोवर दोन ठिकाणची प्रेक्षकसंख्या आम्ही वेगवेगळी छापतो, बेरीज करत नाही.