मिठाला रेणू नसतो

साखर आणि मीठ दोन्ही पांढरी, दोन्ही दाणेदार, त्यामुळे घाईत चहात मीठ पडतंच कधीतरी. भिंगाखाली मात्र गोंधळ होत नाही. बारीक मिठाचा दाणा चौकोनी, फाशासारखा. साखरेचा तिरक्या पैलूंचा.

पदार्थाचे गुण टिकवणारा सर्वांत लहान कण म्हणजे रेणू, ही शाळेतली व्याख्या साखरेला चपखल बसते. कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११, असे ४५ अणू एकमेकांना धरून बसले की साखरेचा एक रेणू झाला. मिठात असं काही वेगळं काढून दाखवता येत नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. मग कोण कोणाचा जोडीदार म्हणायचा? एकास एक हे नुसतं प्रमाण. शिवाय ते साधे अणू नव्हेत, विद्युतभार असलेले आयन. म्हणूनच मिठाच्या पाण्यातून वीज वाहते आणि साखरेच्या पाण्यातून जवळजवळ नाहीच, कारण विरघळताना साखरेचे रेणू सुटे होतात खरे, पण शाबूत राहतात.

तापवल्यावर फरक आणखी उघड होतो. खडेमीठ तव्यावर तडतडतं ते खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे. मीठ मात्र मीठच राहतं, ते वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. साखर १६०-१७० अंशांच्या आसपासच सोनेरी होऊ लागते. तिचे रेणू तुटतात, पाणी निघून जातं आणि आच तशीच ठेवली तर शेवटी काळा कोळसा उरतो.

रेणू न करपवता तोडायचा असेल तर लिंबू आहेच. गुलाबजामच्या पाकाला उकळी आली की एक वाटी साखरेला अर्धा चमचा रस घालावा. आम्ल आणि उष्णता मिळून काही रेणूंचे दोन तुकडे करतात: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गंमत म्हणजे दोघांत अणू तेच आणि तितकेच, फक्त जोडणी वेगळी. हे पाहुणे मध्ये आल्यावर साखरेच्या रेणूंना नीट रांगा लावता येत नाहीत, म्हणून पाक सहजी साखरत नाही. भांड्याच्या कडेला चिकटलेले दाणे मात्र ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत. एक दाणा आत पडला तरी त्याच्याभोवती रांगा सुरू होतात. रव्याच्या लाडवांना लिंबू बेतानंच, कारण तिथे साखर थोडी धरायलाच हवी, नाहीतर लाडू बसतात पसरट.

एवढं करूनही पाक साखरला, तर दोन चमचे पाणी घालून पुन्हा मंद आचेवर ठेवावा. रेणू अजून धड असतात, लगेच सुटतात. करपलेल्या पाकाला हा उपाय नाही.