जर्नलांची यादी छाटताना: एका ग्रंथपालाचा अनुभव

पावसाळा सरत आला की आमच्या ग्रंथालयात पुढच्या वर्षीच्या जर्नलांच्या, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांच्या, वर्गणी-नूतनीकरणाची गडबड सुरू होते. वर्गणीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, पैसे आगाऊ भरायचे आणि परदेशी जर्नलांच्या किमती डॉलर-पौंडात. मी मध्य मुंबईतल्या एका ट्रस्टच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेतून २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं मिळू लागली, पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांना. आम्हाला एकेक नाव निवडून पैसे मोजावे लागतात. त्या वर्षी व्यवस्थापनाचा निरोप आला की यादी छाटा. काय ठेवायचं आणि काय बंद करायचं, ते कारणांसह ग्रंथालय समितीपुढे मांडण्याचं काम माझ्याकडे आलं.

विभागप्रमुखांकडून आलेल्या बहुतेक याद्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या उतरत्या क्रमाने लावलेल्या होत्या. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी सरासरी किती वेळा उद्धृत केलं गेलं, एवढंच हा आकडा सांगतो. कर्करोगावर लिहिणारे आणि एकमेकांना उद्धृत करणारे जगभर पुष्कळ आहेत, त्वचारोग किंवा कान-नाक-घसा या विषयांत त्या मानाने कमी. त्यामुळे दोन विषयांची जर्नलं या एकाच फूटपट्टीने मोजली की लहान विषयाच्या विभागावर अन्याय होतो. शिवाय आमच्या वॉर्डातल्या रुग्णांबद्दल त्या जर्नलात काही असतं का, हे त्या आकड्यातून कळत नाही. एका ज्येष्ठ सरांशी यावर माझा बराच वाद झाला. “मॅडम, मोठं नाव यादीतून गेलं तर कॉलेजची शान जाते,” असं त्यांचं म्हणणं होतं.

कोणतं जर्नल किती वापरलं गेलं ते सांगणारे, प्रकाशकांकडून येणारे काउंटर रिपोर्ट मी काढले. किंमत भागिले उघडलेले लेख, असा सरळ हिशोब त्यातून निघतो. मला जास्त उपयोगी वाटला तो ‘टर्नअवे’चा तक्ता. वाचक दारापर्यंत आला आणि वर्गणी नसल्याने परत गेला, अशी प्रत्येक वेळ त्यात नोंदलेली असते. तरीही रेसिडेंटला (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरला) जो लेख शोधताच आला नाही, तो या कोणत्याच रिपोर्टात दिसणार नाही. म्हणून मी आमच्याकडे येणारे लिटरेचर सर्चचे, म्हणजे एखाद्या प्रश्नावरचे लेख शोधून द्या असे, अर्ज बाहेर काढले. प्रत्येक अर्जाचा सर्च नव्याने करायचा, खरोखर कामाला आलेले लेख वेगळे काढायचे आणि ते कोणत्या जर्नलांतले, आमच्याकडे आहेत का, फुकट मिळतात का, हे लिहीत जायचं. काम किचकट, पण मला तेच सगळ्यात खरं वाटलं.

एक अर्ज सविस्तर सांगते. पीएसएम (सामाजिक आरोग्य) विभागाच्या एका रेसिडेंट डॉक्टरला लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा आजार टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देण्यावर साहित्य हवं होतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले होते आणि साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी हे औषध घ्यावं असं आवाहन महापालिका पावसाळ्यात करते, त्यामुळे प्रश्न आपल्या शहराचाच. तिने आख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घालून पबमेडला, म्हणजे वैद्यकीय लेख शोधण्याच्या संकेतस्थळाला, दिलं होतं. अवतरणचिन्हं दिली की पबमेड समानार्थी संज्ञा स्वतःहून जोडत नाही, त्यामुळे हाती काही लागलं नव्हतं. आम्ही प्रश्नाचे तुकडे केले. एकात आजार, एकात औषध, एकात प्रतिबंध. प्रत्येक तुकड्यात मेश संज्ञा (लेखांना लावलेले ठरावीक विषयशब्द) आणि शीर्षक-सारांशातले साधे शब्द ‘ऑर’ने जोडले आणि मग तिन्ही तुकडे ‘अँड’ने. साधे शब्द हवेतच, कारण मेडलाइनमध्ये (पबमेडच्या मुख्य सूचीत) नसलेल्या पण पबमेड सेंट्रल या खुल्या लेखसंग्रहात असलेल्या जर्नलांच्या लेखांना मेश लागत नाही, आणि त्यांत भारतीय जर्नलं बरीच आहेत. नुसत्या मेशवर विसंबलं तर आपल्याच देशातले रुग्ण निसटतात. शहरासाठी ‘मुंबई’ आणि ‘बॉम्बे’ दोन्ही टाकले. (रक्तविकारांच्या सर्चमध्ये हे जपून करावं लागतं, १९५२ मध्ये इथे सापडलेल्या ‘बॉम्बे’ नावाच्या दुर्मिळ रक्तगटाचे लेख धो-धो येतात.)

पनामात अमेरिकन सैनिकांवर झालेली या औषधाची चाचणी न्यू इंग्लंड जर्नलच्या १९८४ च्या अंकात होती, ती आमच्या बांधीव खंडांत मिळाली. अंदमानातली चाचणी मात्र २००० साली प्रतिजैविकांच्या एका आंतरराष्ट्रीय जर्नलात आलेली. मेडिसिन, पीएसएम, मायक्रोबायोलॉजी, कोणाच्याच मागणीत ते नाव नव्हतं. १९८४ चा लेख पुढे कोणी कोणी उद्धृत केला, तो माग गूगल स्कॉलरवर काढला, त्यातूनही काही हाती आलं.

असे अर्ज तपासत गेल्यावर चित्र स्पष्ट झालं. ब्रॅडफर्ड या ब्रिटिश ग्रंथपालाने १९३४ मध्ये मांडलं होतं की एखाद्या विषयाचे पुष्कळसे लेख मोजक्या जर्नलांत एकवटतात आणि उरलेले दूरवर विखुरतात. आमच्या नोंदी तेच दाखवत होत्या. त्यातून माझी शिफारस ठरली: विभागाच्या गाभ्यातली जर्नलं कितीही महाग असली तरी ठेवायची, आणि विखुरलेल्यांसाठी वर्गणी न भरता लागेल तो लेख दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवायचा किंवा सुटा विकत घ्यायचा. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च किंवा केईएम रुग्णालयाचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन नेटवर खुली आहेत, त्यांच्या लिंक ग्रंथालयाच्या पानावर सगळ्यात वर लावायच्या.

समितीत त्या सरांपुढे मी त्यांच्याच विभागाचे अर्ज ठेवले. मोठ्या नावाच्या त्या जर्नलातला एकही लेख त्यांच्या रेसिडेंटच्या कामाला आलेला नव्हता, आणि टर्नअवेत वर असलेलं एक छोटं जर्नल आम्ही घेतच नव्हतो. त्यांनी कागद दोनदा वाचले आणि ते छोटं जर्नल आपणहून सुचवलं. मोठं नाव एक वर्ष ठेवून वापर पाहायचा, असं ठरलं. मला ते पूर्ण पटलेलं नाही, पण मान्य केलं. अर्जावर मी आता एक रकाना वाढवला आहे: कोणता लेख हवा होता आणि मिळाला नाही.