तात्पर्य येण्याआधीच पान उलटलं

लेकीसाठी पहिलं पुस्तक आणलं तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. ते पुस्तक मी खरं तर माझ्यासाठीच आणलं होतं, पण हे कळायला बराच काळ जावा लागला. गुळगुळीत कागद, देखणी चित्रं, प्रत्येक पानावर तीन परिच्छेद आणि शेवटी चौकटीत तात्पर्य. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत बाईसाहेबांनी पान उलटलेलं असायचं. मी मागे घ्यायचे, ती पुढे न्यायची. चौथ्या दिवशी पान फाटलं आणि आमचं भांडणही मिटलं.

मग पुठ्ठ्याच्या जाड पानांची पुस्तकं आणली. ती चावायचीच असतात असं धरून चाललं की जिवाला त्रास कमी होतो. कोपरे गोल आहेत का, इवल्या हातांत मावतं का, ओल्या फडक्याने पुसता येतं का, एवढंच बघायचे. एका पानावर मोठा लाल चेंडू होता. ती तो चिमटीत धरून उचलू बघायची, नखाने खरवडायची आणि मग रिकाम्या हाताकडे बघत बसायची. मला काळजी वाटली, हिला चित्र कळत नाही की काय! पुढे वाचनात आलं की हे अगदी नेहमीचं आहे. जूडी डीलोश या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हेच नोंदवलं होतं. नऊ महिन्यांची बाळं छापलेली वस्तू पकडायला जातात आणि १९ महिन्यांच्या सुमारास पकडणं मागे पडून बोट दाखवणं सुरू होतं. आमच्याकडेही एक दिवस खरवडणं थांबलं आणि बोट आलं.

बोट आलं तशी माझी निवड बदलली. आता पानावर बोट ठेवण्याजोगं काहीतरी हवं होतं, आणि ते ओळखू यायला हवं होतं. मला आवडणारा त्रिकोणा-चौकोनांचा हत्ती तिच्या लेखी कुणीच नव्हता. साधी, ठसठशीत, खऱ्यासारखी चित्रं असलेलं, मला जरा बाळबोध वाटणारं पुस्तक मात्र ती दिवसातून सहा वेळा मांडीवर आणून आदळायची. मध्येच झडपा उघडायच्या पुस्तकांचा नाद लागला होता. त्यांतली निम्मी झडपं आता चिकटपट्टीच्या जिवावर उभी आहेत, जास्त काही सांगत नाही.

खरी शिकवणी झाली ती सासूबाईंकडून. त्या पुस्तक वाचतच नाहीत. लिहिलेलं सोडून देतात आणि चित्राशी गप्पा मारतात. ‘हा बघ कुठे निघाला? पायात काहीच नाही गं याच्या! आता काटा रुतला म्हणजे?’ मला सुरुवातीला चिडचिड व्हायची, लेखकाने एवढं लिहिलंय ते कशासाठी? पण लेक त्यांच्याकडे वीस मिनिटं बसायची आणि माझ्याकडे तीन. अशा वाचनाला इंग्रजीत वेगळं नाव आहे आणि त्यावर १९८८ पासून अभ्यास झालेत, हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘बरं झालं, कुणाच्या तरी लक्षात आलं.’

तेव्हापासून पुस्तक हातात घेतलं की आधी मजकूर झाकून नुसती चित्रं बघते. गोष्ट थोडीफार तरी कळली पाहिजे. मग उलट करते, चित्रांकडे न बघता मजकूर वाचते. सगळंच नुसत्या मजकुरात कळलं तर चित्रं फक्त सजावटीला आहेत, ठेवून द्यायचं. आमच्या एका लाडक्या पुस्तकात मजकूर म्हणतो, ‘घरात कुणीच नव्हतं’, आणि प्रत्येक चित्रात पडद्याखालून मांजराची शेपटी बाहेर आलेली असते. मजकुरात मांजराचं नावसुद्धा नाही. ती शेपटी मला तिसऱ्या वाचनाला दिसली. लेकीला पहिल्याच.

तिसरी परीक्षा मोठ्याने वाचायची. दुकानात उभं राहून पुटपुटायला लाज वाटते खरी, पण बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांचीच असतात (कागदाच्या घड्या आठ नाहीतर सोळा पानांच्या पडतात, त्याचा हा हिशेब), त्यामुळे पाच मिनिटांत उरकतं. भाषांतरित पुस्तकांत इथेच फजिती होते. यमक जुळवण्यासाठी शब्दांची अशी ओढाताण केलेली असते की जीभ अडखळते. मनात वाचताना ते कळत नाही. तसंच पुस्तक पूर्ण उघडून दोन पानांमधली घडी बघायची. आमच्याकडे एक वाघ आहे, त्याचं नाक कायमचं शिवणीत गेलंय.

पान उलटताना काय होतं, हेही मी आता बघते. उजव्या पानावर ‘आणि दाराआड होता...’ असं थांबलेलं असलं की ती श्वास रोखून धरते. पन्नासाव्या वेळीसुद्धा. आणि पन्नास हा आकडा मी उगाच टाकलेला नाही. जे पुस्तक मला स्वतःला तितक्यांदा वाचवणार नाही, ते मी घरी आणत नाही. आधी वाचनालयातून आणायचं, आठवडाभर नांदवायचं आणि मगच विकत घ्यायचं, हा नियम त्यातूनच आला.

एक चूक मात्र मी फार उशिरा सुधारली. अंधार, हरवणं, रडणं असलेली पुस्तकं मी तिच्यापासून लपवायचे. तीन वर्षांची असताना वाचनालयात तिने स्वतःच एक उचललं, त्यात पिल्लू हरवतं. आठवडाभर रोज तेच. पिल्लू एकटं पडतं ते पान आलं की माझा दंड घट्ट धरायची आणि मी ते पान वगळू बघितलं तर मागे उलटून आणायची.

आता ती चारची आहे आणि धाकटा आठ महिन्यांचा. दोघांना एकत्र घेऊन बसता येईल असं पुस्तक गेले दोन महिने शोधतेय. तिला गोष्ट हवी, त्याला पुठ्ठा. तूर्तास मी तिचं पुस्तक माझ्या हातात धरते आणि तो लाल चेंडूचं जुनं पुस्तक कोपऱ्याकडून संपवत असतो.