बोडियमला हरवलेले काका

टूर मॅनेजरचं काम म्हणजे दिवसातून दहा वेळा डोकी मोजायची. त्या दिवशी इंग्लंडमधल्या बोडियमच्या किल्ल्यात मोजली तर 26 च्या जागी 25, आणि बाहेर चारी बाजूंनी पाण्याने भरलेला खंदक. माझ्या पोटात गोळाच आला.

सकाळपासून सगळं छान चाललं होतं. केंटमधल्या टेंटरडनला बसमधून उतरलो आणि वाफेच्या गाडीत बसलो. केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वे, साडेदहा मैलांची 'लाईट रेल्वे', म्हणजे कमी खर्चात बांधलेली हलकी लाईन, 1900 साली सुरू झालेली, 1954 ला पॅसेंजर गाड्या बंद पडल्या, मग हौशी लोकांनी 1974 पासून तुकड्यातुकड्याने परत चालू केली आणि बोडियमपर्यंत गाडी यायला 2000 साल उजाडलं. गाडीवरचे बरेचसे लोक बिनपगारी काम करतात. मी डब्यात हे सांगत होते तर 'लाईट रेल्वे' ऐकून कुर्डुवाडीचे काका एकदम म्हणाले, "आमची पण लाईटच की!" बार्शी लाईट, 1897 ची, अडीच फुटी रूळ. काकांनी तिच्यावर फायरमन म्हणून, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायची, नोकरी केलेली आणि मला पाच दिवसांत पत्ता नाही, फॉर्मवर नुसतं 'रिटायर्ड, रेल्वे' लिहिलेलं.

किल्ला 1385 चा. सर एडवर्ड डॅलिंग्रिजने फ्रेंचांच्या हल्ल्याची भीती दाखवून राजाची परवानगी घेतली आणि बांधला. कोपऱ्यांना गोल बुरूज, पाण्यात अख्ख्या किल्ल्याची सावली. बार्शीच्या मावशी म्हणाल्या, अगं हा तर आपला परांडा! खरंच तसंच वाटतं, फक्त आत गेलं की छप्परं नाहीत, मजले नाहीत, नुसत्या भिंती. आणि एवढा तरी टिकला त्यात लॉर्ड कर्झनचा मोठा हात, त्याने 1917 ला विकत घेऊन डागडुजी केली आणि 1925 ला तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे किल्ला जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. हो, तोच बंगालच्या फाळणीवाला, आणि आपल्याकडे जुन्या वास्तू जपायचा 1904 चा कायदा पण त्याच्याच काळातला. हे सांगितलं की ग्रुप गप्प होतो, राग धरायचा की आभार मानायचे कळत नाही. मलाही अजून कळलेलं नाही.

तिथेच मोजणी केली आणि काका नाहीत. काकू मात्र शांत. "गाडीकडं गेले असतील, सकाळपासून त्यांचं ध्यान तिकडंच हाय."

रॉदर नदीचा पूल ओलांडून पळत स्टेशनवर गेले तर काका इंजिनावर! खाली नाही, वर, भट्टीच्या दारासमोर, आणि शेजारी विशीतला गोरा फायरमन. काकांना इंग्रजी येत नाही, त्या पोराला मराठी यायचा प्रश्नच नाही, पण काका बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे बोट दाखवतायत, धुराड्याकडे दाखवतायत, हाताने कोळसा टाकायची ॲक्शन करतायत आणि तो पोरगा मान हलवतोय. मला बघून काका म्हणाले, "पोरी, ह्याला सांग, धूर काळा निघतोय म्हणजे कोळसा एकदम पडतोय. थोडा थोडा टाकायचा, कोपऱ्यात, आगीला हवा लागती." मी भाषांतर केलं. पोराने फावडंच काकांच्या हातात दिलं.

तीन फावडी टाकली काकांनी. वयाच्या पंच्याहत्तरीत, हात जराही न थरथरता. दोघं मग धुराड्याकडे बघत उभे राहिले, धूर पातळ होईपर्यंत. मी रागवायला आले होते, शब्दच फुटला नाही.

परतीच्या गाडीत काका डोळे मिटून बसले होते. टेंटरडनच्या आधी मोठा चढ आहे, तो लागायच्या आधीच म्हणाले, "आता आवाज बदलंल बघ." बदलला. इंजिनाच्या धापांवर त्यांचा हात मांडीवर पडत होता.

रात्री हॉटेलात जेवायला बसलो तर काकांची बोटं तशीच काळी. काकू म्हणाल्या, अहो हात तरी धुवा.

"धुतलेत गं. नखातलं राहू दे आजच्या दिवस."